पेरूची मोटार आणि ओढ्याचा चढ

१९३५च्या हिवाळ्यात, एका गुरुवारी, इंदापूरहून पेरू घेऊन बारामती स्टेशनकडे निघालेली मालमोटार वाटेतल्या ओढ्याच्या चढावर बंद पडली. संध्याकाळची दौंडची गाडी तिची वाट न पाहता सुटली. पेरू दुसऱ्या दिवशी बारामतीतच मिळेल त्या भावाने काढावे लागले. त्या दिवशी बारामतीत ज्यांना पेरू नको होते त्यांच्याही घरी पेरू होते.

मोटारीचे मालक इंदापूरजवळचे एक बागाईतदार. सगळे त्यांना तात्या म्हणत. कालव्याच्या पाण्यावर त्यांची पेरूची आणि भाजीपाल्याची बाग होती. तिच्यातला एक चांगला तुकडा विकून त्यांनी मोटार घेतली होती. त्यामागचा विचार सरळ होता. बैलगाड्या आदल्या दिवशी निघत, रात्रभर चालत आणि सकाळी स्टेशनात पोचत. तोवर पेरूचा रंग उतरलेला असे. मोटार मात्र सकाळी तोडलेला पेरू त्याच संध्याकाळच्या गाडीत चढवणार होती. आसपासच्या बागाईतदारांनी आपला माल या मोटारीला दिला, तर विकलेला तुकडा काही हंगामांत परत घेता आला असता. त्यांनी तो पुन्हा बैलगाड्यांना दिला, तर तात्यांकडे जमीनही राहणार नव्हती आणि भाडेही येणार नव्हते.

मी तेव्हा बारामतीत राहून पुण्याच्या एका वृत्तपत्राला बातम्या पाठवीत असे. बाजारभाव, कालव्याचे पाणी आणि कोर्टातले निकाल हा माझा नेहमीचा मजकूर. इंदापूरला काम निघाले की परतताना मी तात्यांच्या मोटारीत, करंड्यांवर बसून येत असे. भाडे पडत नसे. ढकलावे मात्र लागे.

ही मोटार मुळात पुण्याच्या एका वकिलाची फिरायला जायची गाडी होती. तिचा पुढचा भाग ठेवून मागचा कापून काढला होता आणि त्या जागी इंदापूरच्या सुताराने माल भरायला लाकडी हौदा बसवला होता. सुताराने जन्मभर बैलगाड्याच केल्या होत्या, त्यामुळे हौदाही तसाच झाला. बाभळीच्या जाड फळ्या, कडब्याचे भारे बांधायला दोन्ही बाजूंना खुंट्या आणि खाली कंदील टांगायला आकडा. कडबा न्यायचा नव्हता आणि मोटारीला पुढे दोन दिवे होते, हे त्याला सांगायचे राहून गेले. मोटार रिकामी असली तरी तिची मागची टायरे दबलेली दिसत.

चालवायला तात्यांनी आपल्या नात्यातल्या एका गृहस्थांना बसवले. त्यांना आबा म्हणत. आबांनी जन्मभर भाड्याच्या बैलगाड्या हाकल्या होत्या आणि इंदापूर ते बारामती या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांच्या ओळखीचा होता. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या एका चालकाशेजारी बसून ते मोटार शिकले. चाक वळवणे, गिअर टाकणे आणि भोंगा वाजवणे त्यांना लवकर जमले. गाडीवानाची एक शिस्त मात्र त्यांनी मोटारीवर बसतानाही सोडली नाही.

वाटेत एक ओढा लागत असे. रस्ता उताराने खाली जाई, दगडी फरशीवरून थोडे पाणी ओलांडी आणि पलीकडे लगेच उभा चढ सुरू होई. बैल उतारावरून आणून तसेच चढाला घालायचे नाहीत, हा या रस्त्यावरच्या गाडीवानांचा नियम होता. खाली थांबायचे, जनावरांना पाणी पाजायचे, त्यांचा श्वास खाली बसू द्यायचा आणि मग चढायचे. न थांबता चढणाऱ्या गाडीवानाला लोक कसाई म्हणत. आबा मोटारही तिथेच थांबवत. इंजिन बंद करत. बॉनेट उघडत, रेडिएटरमध्ये पाणी असले तरी ओढ्याचे पाणी घालत, चाकांवर दोन ओंजळी शिंपडत आणि तंबाखू मळत बसत. लोखंड हाताला सोसेल इतके निवले की हँडल मारून मोटार चालू करत आणि चढाला घालत.

उतारावर मिळालेला सगळा वेग अशा रीतीने ओढ्यात सोडून दिल्यावर भरलेल्या मोटारीला जागच्या जागेवरून चढ चढावा लागे. ती अर्ध्यावर जाई. तिथे तिचा आवाज बसे आणि पाठोपाठ तीही बसे. करंड्यांवरचे आम्ही सगळे उतरून ढकलत असू. कधी ती वर जाई, कधी करंड्या उतरवून पुन्हा भराव्या लागत आणि तेवढ्यात गाडी सुटे. हे सगळे उघड्यावर, दिवसाढवळ्या, अनेकांच्या देखत होत होते. त्यात कुणालाही काही चुकीचे दिसत नव्हते, कारण बघणारा प्रत्येक जण कधी ना कधी बैलांच्या मागे बसलेला होता.

तेव्हा सर्वांचे एकमत झाले की इंजिनात ताकद नाही.

ताकद वाढवण्यासाठी तात्या बारामतीला एका मिस्त्रींकडे गेले. स्टेशनच्या वाटेवर त्यांचे सायकली, गॅसबत्त्या आणि मोटारी दुरुस्त करण्याचे घरचे दुकान होते. मिस्त्री काही वर्षे पुण्याच्या एका मोटारखान्यात काढून आले होते आणि बोलताना पुण्याला ‘आमच्याकडे’ म्हणत. त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला म्हणजे इंजिन पुण्याला पाठवून नवे पिस्टन घालणे. त्याचा खर्च ऐकून तात्यांनी दुसरा मार्ग विचारला.

“दुसरं सगळं हितंच,” मिस्त्री म्हणाले. “हाय त्याच इंजिनातनं जास्त काढायचं.”

नव्या टायरांसाठी बाजूला ठेवलेले पैसे तात्यांनी या कामाला लावले. जुनी टायरे आणखी एक हंगाम चालतील, असे मिस्त्रींनी सांगितले. टायरांचे काम ते करत नसत.

पहिली सुधारणा डोक्याची. इंजिनावरचे लोखंडी झाकण, ज्याला डोके म्हणतात, खालून घासून पातळ केले की आतली जागा कमी होते, पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाते आणि धक्का जोराचा बसतो. हे शास्त्र बरोबर आहे. पुण्यात हे काम यंत्रावर होत असे. इथे जाड काच आणली, तिच्यावर लोखंड घासायची एमरीची पूड आणि तेल टाकले आणि डोके घासायला तालमीतले दोन पैलवान लावले. मजुरी म्हणून त्यांनी दूध आणि बदाम मागितले. ते जोर मारताना मोजतात तसे मोजत घासत आणि रस्त्यावरचे लोक थांबून मोजणीत सामील होत. मात्र एक पैलवान दुसऱ्याहून बराच भारी होता. त्यामुळे डोके एका अंगाला जास्त झिजले.

उरलेली फट भरायला एका तांबटाकडून तांब्याचा पत्रा कापून घेतला. झिजलेल्या बाजूला तो दुहेरी घातला, तरी वाफ निसटत होती. म्हणून दुसऱ्या बाजूलाही दुहेरी घातला. घासून जेवढे काढले होते तेवढे तांब्याने भरून निघाले. तांबटाने काम सुबक केले होते. बॉनेट उघडले की पत्र्याची कड चमकत असे आणि तात्या पाहुण्यांना ती दाखवत.

दुसरी सुधारणा कार्बुरेटरची. पेट्रोल ज्या बारीक भोकातून येते ते मोठे करायला सोनाराकडे दिले. सोनाराने ते आपल्या अंदाजाने मोठे केले. सोनाराचा अंदाज दागिन्यांचा होता. मोटार दुप्पट पेट्रोल पिऊ लागली आणि मागून काळा धूर सोडू लागली. धूर पाहून लोकांना आतले काम नीट झाल्याची खात्री पटली.

तिसरी सुधारणा सायलेन्सरची. त्यात हवा कोंडते म्हणून मिस्त्रींनी तो काढूनच टाकला. यामुळे ताकद किती वाढली हे सांगता येत नाही, पण मोटार इंदापुरातून निघाली की पुढच्या गावातली कुत्री उठत. आवाजासारखा पुरावा नाही, असे रस्त्याकडेच्या सर्व गावांचे मत पडले.

चौथी सुधारणा चेष्टेतून झाली. तात्यांच्या शेजारी पेरूची सर्वांत मोठी बाग असलेले एक बागाईतदार होते. त्यांना अण्णा म्हणत. माल मोटारीला द्यायचा की बैलगाड्यांना, हे बाकीचे लोक त्यांच्याकडे बघून ठरवत. एकदा चढावर ढकलताना ते म्हणाले, “तात्या, एरंडेल पाजा हिला. पोट साफ हुईल, मग पळंल.” सगळे हसले. बारामतीत ही गोष्ट मिस्त्रींच्या कानावर गेली तेव्हा ते हसले नाहीत. शर्यतीच्या मोटारींच्या इंजिनात वंगण म्हणून एरंडेलच घालतात, असे त्यांनी सांगितले. तेही खरे होते. दुसऱ्याच दिवशी इंजिनात एरंडेल पडले. त्यानंतर मोटार जिथून जाई तिथल्या माणसांना वासाने आपले लहानपण आठवे.

प्रत्येक सुधारणेनंतर मिस्त्री चाचणी घेत. चाचणी बारामतीत, स्टेशनच्या सपाट रस्त्यावर, रिकाम्या मोटारीची होई. मोटार दणाणत जाई आणि दणाणत परत येई. मिस्त्री बॉनेटवर थाप मारून म्हणत, “आता घाट चढंल.” ओढ्यावर ते एकदाही आले नाहीत. दुकान सोडून जाणे त्यांना शक्य नव्हते. ओढ्यावर आबा पूर्वीसारखेच थांबत आणि मोटार पूर्वीसारखीच अर्ध्यावर बसे.

एकदा ती अशी बसलेली असताना समोरून सर्व्हिस मोटार आली. तिच्यावर आबांना शिकवलेला तोच चालक होता. वाट अडलेली पाहून तो खाली उतरला आणि त्याने आबांना विचारले, “आबा, खाली थांबता कशापायी? उतारावरनं येता तसंच वर जावा की.”

“जनावराला दम नको?”

“जनावर न्हाय ते. मोटार हाय.”

“मिस्त्री म्हणतो वीस घोड्यांचं बळ हाय हिच्यात,” आबा म्हणाले. “वीस घोडी पाण्यावर आणायची आन् तोंड न लावू देता फुडं हाणायची? तुज्या घरात शिकवलं आसंल तसं. आमच्यात न्हाय.”

सर्व्हिस मोटारीतले प्रवासी आबांच्या बाजूने हसले. चालकाने पुढे वाद घातला नाही. आमच्याबरोबर त्यानेही मोटार ढकलली.

पेरूचा भर आला तेव्हा अण्णांच्या बागेत बागाईतदारांची बैठक झाली. तात्यांनी इंजिनात केलेल्या सर्व सुधारणा सांगितल्या. अण्णांनी त्या शांतपणे ऐकल्या आणि अट घातली. एक दिवस ठरवायचा. मोटार पूर्ण भरायची, ढकलायला कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळची गाडी गाठली तर उरलेल्या हंगामाचा सगळा माल तात्यांचा. चुकली तर सगळा बैलगाड्यांचा, आणि तात्यांनी पुन्हा विचारायला यायचे नाही.

“तुमचा माल कशात भराल मग?” कुणीतरी तात्यांना विचारले.

“बैलगाडीत,” तात्यांच्या आधी अण्णांनीच उत्तर दिले. “आन् मोटारीत कोंबड्या ठिवा. खुंट्या हायेतच.”

ठरल्या दिवशी मी मुद्दाम इंदापूरला गेलो. मोटारीला झेंडूची माळ होती. करंड्या रचल्या, वर अण्णा आणि आणखी दोन बागाईतदार साक्षीदार म्हणून बसले. तात्या आबांच्या शेजारी आणि मी मागे. ओढ्यापर्यंत काही घडले नाही. उतार सुरू झाल्यावर आबांनी नेहमीप्रमाणे ब्रेकवर पाय दिला. ब्रेक लागला नाही. खालची सळई जिथे अडकवलेली असते तिथली खीळ वाटेत कुठेतरी गळून पडली होती, हे नंतर समजले. आबांनी हाताचा ब्रेक ओढला. तो वकिलाच्या वेळेपासूनच शोभेला होता. मग आबांनी चाक धरून, बैल थांबवायला म्हणतात तसे “हो, हो” म्हणायला सुरुवात केली.

मोटार थांबली नाही. फरशीवरचे पाणी दोन्ही बाजूंना उडाले आणि त्याच वेगात ती चढाला लागली. मागे अण्णांनी एक खुंटी दोन्ही हातांनी धरली होती. खुंट्यांचा उपयोग झालेला मी तेवढाच पाहिला. जिथे मोटार दर वेळी बसे ती जागा आम्ही ओलांडली तेव्हा तिचा आवाज किंचित उतरला, पण ती चालत राहिली. वर सपाटीवर आल्यावर बऱ्याच अंतराने ती आपोआप मंदावली. आबांनी इंजिन बंद केले, खाली उतरले, रेडिएटरला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि बाजूला जाऊन बसले.

बारामतीपर्यंतचा उरलेला रस्ता त्यांनी पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्यांच्या बरोबरीने काढला. तरीही गाडी सुटायला वेळ होता. करंड्या चढल्या.

बातमी मोटारीच्या आधी पोचल्यासारखी बारामतीत पसरली. मिस्त्रींनी श्रेय घासलेल्या डोक्याला दिले. तांबटाने पत्र्याला दिले, सोनाराने भोकाला. पैलवान दूध मागायला आले. एरंडेलाची सूचना आपली होती, हे अण्णांनी स्टेशनातच तीनदा सांगितले. सर्व्हिस मोटारीचा चालक तिथे उभा होता. तो तात्यांना म्हणाला, “ब्रेक न्हवता म्हणून चढली, तात्या.”

“मग काय करू?” तात्या म्हणाले. “ब्रेक काढूनच ठिवू?”

यावर इतके हसणे झाले की तो चालक पुढे काय म्हणाला ते ऐकू आले नाही. त्या संध्याकाळी मी पुण्याला जी बातमी पाठवली तिच्यात इंजिनातल्या सुधारणांमुळे मालमोटारीने अवघड चढ सहज पार केला असे होते. संपादकांनी ती न कापता छापली.

अण्णांनी शब्द पाळला. हंगामाचा माल तात्यांना मिळाला. आबांनी मात्र ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय चाकाला हात लावणार नाही, असे सांगितले. त्यांच्या म्हणण्यात काहीच गैर नव्हते. टायरांच्या पैशांतले जे उरले होते ते ब्रेकला गेले. मिस्त्रींनी नवी खीळ घातली, सळई आवळली आणि पूर्वीपेक्षा चांगला ब्रेक करून दिला.

पुढच्या खेपेला आबा ओढ्यात वेळेवर थांबले. मागच्या वेळी जनावराला पाण्यावरून तसेच पुढे पळवले याची भरपाई म्हणून त्यांनी ते जास्त वेळ थांबवले. मग मोटार चढाला घातली. ती अर्ध्यावर बसली. अण्णा त्या दिवशीही करंड्यांवर होते, या वेळी स्वतःच्या मालाबरोबर. ते उतरले, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि तात्यांच्या समोर उभे राहिले.

“तात्या, परवा चढली ती कोण?”

अण्णांनी वर सूर्याकडे पाहिले. गाडीला फार वेळ उरला नव्हता आणि पेरू त्यांचे होते.

“हसायचं मागनं बगू,” ते म्हणाले. “आदी बैल आणा.”

ओढ्याजवळच्या एका वस्तीवर दोन बैलजोड्या होत्या. त्या आणल्या आणि पुढच्या आसाला दोर बांधला. इंजिन चालू करताच बैल बिथरून शेतात गेले, कारण मोटारीला सायलेन्सर नव्हता. त्यांना परत आणून जुंपले आणि इंजिन बंद ठेवले. आबा चाक तात्यांच्या हाती देऊन स्वतः बैलांजवळ गेले. बैलांनी मोटार एका दमात वर नेली. त्या दिवशीची गाडी मिळाली.

तेव्हापासून तेच सुरू झाले. वस्तीवरचा माणूस दुपारी बैल घेऊन ओढ्यात उभा राही. मोटार येई, थांबे, बैल पाणी पीत, दोर बांधला जाई आणि वीस घोड्यांचे इंजिन बंद करून मोटार वर जाई. आता खाली थांबणे खरोखरच आवश्यक झाले होते. “मी काय म्हणत हुतो?” असे आबा दोर बांधताना रोज एकदा म्हणत. वस्तीवरचा माणूस हंगाम वाढेल तसे भाडे वाढवत गेला. तात्या दर खेपेला त्याच्याशी घासाघीस करत आणि दर खेपेला देत. सपाटीवर मोटार उत्तम चालत असे, त्यामुळे एकंदर वेळ बैलगाड्यांपेक्षा कमीच लागे आणि बागाईतदारांची तक्रार नव्हती. तात्यांनी मिस्त्रींना झाल्या गोष्टी सांगितल्या, तेव्हा इंजिनात आणखी एक सुधारणा करता येईल असे मिस्त्री म्हणाले. तात्यांनी ती कोणती हे विचारले नाही.

हंगामाच्या शेवटापर्यंत मोटारीची संध्याकाळची गाडी पुन्हा चुकली नाही. पुढच्या वर्षीचा मालही तात्यांनाच द्यायचे अण्णांच्या बागेतल्या बैठकीत ठरले. पाडवा झाल्यावर तात्यांनी बारामतीच्या बाजारात खिलार बैलांच्या दोन जोड्या विकत घेतल्या.